जुनी साब ९०० टर्बो घ्यायचीय? गाडी बघण्यापासून पहिल्या वर्षातल्या कामांपर्यंत सगळं

जुनी टर्बो गाडी घेतोय म्हटलं की समोरचा पहिला प्रश्न हाच विचारतो की टर्बो उडाला तर किती खर्च. साबच्या बाबतीत या प्रश्नाचा नंबर खूप खाली लागतो. टर्बो थोडे बोल्ट आणि पाइप सोडून काढता येतो, रिपेअर होऊन येतो, दुसरा मिळतो. पत्रा सडला किंवा गिअरबॉक्स गेला तर मात्र गाडीच्या किमतीएवढाच खर्च परत समोर उभा राहतो. म्हणून हा अख्खा लेख त्याच क्रमाने लिहिलाय, आधी पत्रा, मग गिअरबॉक्स, मग इंजिन, आणि टर्बो सगळ्यात शेवटी. गाडी बघायला जाताना हाच क्रम ठेवा, बूस्टचा (टर्बोने दाबलेल्या हवेच्या प्रेशरचा) काटा वर गेलेला बघून हुरळून जाऊ नका.

हे मुख्यतः युरोप-अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींसाठी आहे. मी स्वतः गोथेनबर्गला असतो, इकडे ऑटोमोबाइलमध्ये काम करणारे आपले लोक भरपूर आहेत आणि साबचं गाव त्रोलहेत्तान इथून तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे हा नाद लागायला फार वेळ लागत नाही. भारतात वापरलेली गाडी आयात करताना ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, त्यामुळे ८०च्या दशकातली साब पुण्याला पाठवायचा विचार असेल तर तो आधीच सोडा.

आधी थोडी ओळख, कारण गाडी बघताना ती उपयोगी पडते

साब मुळात विमानांची कंपनी, १९३७ साली सुरू झालेली, कार बनवायला लागली ती १९४९ च्या शेवटी. आपल्याला ज्या गाडीत इंटरेस्ट आहे तिची आई म्हणजे साब ९९, सिक्स्टेन सासोन या डिझायनरची. तिचं चार सिलेंडरचं इंजिन ब्रिटिशांकडून आलं, ४५ अंशात कललेलं, आणि साबने ते गाडीत उलटं बसवलं, म्हणजे क्लच पुढे रेडिएटरकडे आणि टायमिंग चेन मागे फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीकडे), आणि गिअरबॉक्स थेट इंजिनच्या पोटाखाली. पुढे साबने स्वतःचं २ लिटरचं इंजिन बनवलं, १९८५ सीसी, पण मांडणी तीच राहिली. ही मांडणी डोक्यात पक्की बसवा, कारण पुढची निम्मी कामं सोपी का आणि निम्मी अवघड का याचं उत्तर तिच्यातच आहे.

१९७७ ला फ्रँकफर्टच्या शोमध्ये ९९ टर्बो आली, १४५ हॉर्सपॉवर. टर्बो त्याआधीही गाड्यांत होता, बीएमडब्ल्यूने लावला होता, पोर्शने लावला होता, पण तो टॉप स्पीडसाठी. साबचे इंजिनिअर पेर गिलब्रांड आणि त्यांच्या टीमचा विचार वेगळा होता, टर्बो छोटा ठेवायचा, वेस्टगेट (जास्तीचा एक्झॉस्ट बाजूने सोडणारी झडप) लावून प्रेशर ताब्यात ठेवायचं आणि ताकद तिथे द्यायची जिथे रोजच्या ड्रायव्हिंगमध्ये लागते, म्हणजे ट्रक ओव्हरटेक करताना २५००-३००० आरपीएमला. आज दीड लिटरच्या साध्या फॅमिली गाडीत टर्बो असतो तो याच विचाराने, आणि मला ही गाडी इतकी आवडते त्याचं मूळ कारणही हेच. १९७९ च्या स्वीडिश रॅलीत स्टिग ब्लोमक्विस्टने ९९ टर्बो घेऊन बाजी मारली, वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिपमध्ये टर्बो गाडीचा तो पहिला विजय.

९०० आली १९७८ ला, नाक लांब केलेली ९९ म्हणा. १९८२ च्या मॉडेलपासून एपीसी, म्हणजे बूस्ट आपोआप सांभाळणारी सिस्टीम आली, त्याबद्दल खाली सविस्तर लिहितो. १९८४ च्या मॉडेलला १६ व्हॉल्व्हचं इंजिन आलं, युरोपात १७५ हॉर्सपॉवर. १९९३ ला बंद झाली, कन्व्हर्टिबल तेवढी ९४ पर्यंत चालली. एकूण नऊ लाखांच्या वर ९०० बनल्या, त्यामुळे ही काही दुर्मिळ गाडी नाही. घाईत वाईट गाडी उचलायचं काहीच कारण नाही, थांबलात तर चांगली मिळते. आणि हो, १९९४ पासूनची नवी ९०० ही जनरल मोटर्सच्या काळातली ओपेलच्या प्लॅटफॉर्मवरची पूर्ण वेगळी गाडी, जाहिरात वाचताना नाव सारखं म्हणून फसू नका.

कोणती घ्यायची

९९ टर्बो आता कलेक्टर लोकांची झालीये, पहिली साब म्हणून घेऊ नका, तिचे खास पार्ट शोधताना दमछाक होते. ९००० टर्बो ही वेगळीच गाडी, फियाट क्रोमा आणि लान्चिया थीमा यांच्याबरोबर मिळून केलेला प्लॅटफॉर्म, इंजिन आडवं. मोठी, आरामशीर, आणि अजूनही किमतीच्या मानाने सगळ्यात जास्त गाडी देणारी. १९८६ ला तीन ९००० टर्बो अमेरिकेत टॅलाडेगाच्या ट्रॅकवर १ लाख किलोमीटर ताशी २१० च्या वरच्या सरासरीने पळवल्या होत्या. टर्बो नाजूक असतो म्हणणाऱ्याला एवढं सांगितलं तरी पुरतं.

पण आपला विषय ९००. तिच्यातल्या ८ व्हॉल्व्हच्या गाड्या साध्या, मेकॅनिकल इंजेक्शनच्या, ती सिस्टीम कळणारा मेकॅनिक जवळ असेल तर छान चालतात. १६ व्हॉल्व्हला बॉशचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आणि हायड्रॉलिक टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ॲडजस्ट करायची भानगडच नाही. माझं मत विचाराल तर १९८८ ते ९१ मधली तीन दारांची १६ व्हॉल्व्ह टर्बो, मॅन्युअल गिअरची. १९८७ पर्यंतच्या गाड्यांना हँडब्रेक पुढच्या चाकांना असायचा, त्याचे कॅलिपर अडकतात आणि रिपेअरला किचकट आहेत, १९८८ पासून तो मागच्या चाकांना आला. टर्बोला पाण्याचं कूलिंगही साधारण याच सुमारास मिळालं. ऑटोमॅटिक तीनच गिअरचा आहे, त्याने टर्बोची सगळी मजा जाते, नका घेऊ.

९० नंतर एक कमी प्रेशरचा टर्बोही निघाला, १४५ हॉर्सपॉवरचा, एपीसी नसलेला. लोक त्याला नाक मुरडतात पण रोज वापरायला तो फार गोड आहे, आणि गिअरबॉक्सवर लोड कमी येतो. कन्व्हर्टिबल फिनलंडला वाल्मेटच्या कारखान्यात बनायची, दिसायला सुंदर, पण तिच्या छताचं कापड आणि हायड्रॉलिक्स हा वेगळा खर्च धरून चला.

फोनवरच विचारायच्या गोष्टी

चॅसी नंबर मागा. तो वायएस३ ने सुरू व्हायला हवा, आणि दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं, ‘जे’ (J) म्हणजे १९८८, के ८९, एल ९०, एम ९१. विकणारा म्हणतो ८९ ची आणि नंबर म्हणतो ८७ ची असं असेल तर हँडब्रेकपासून चाकांच्या बोल्टच्या अंतरापर्यंत सगळंच बदलतं. इकडे स्वीडनमध्ये रजिस्ट्रेशन नंबरवरून इन्स्पेक्शनची माहिती ऑनलाइन दिसते, ब्रिटनमध्ये एमओटीचा (तिकडची वार्षिक तपासणी) जुना इतिहास फुकट बघता येतो, कधी कशात नापास झाली ते सगळं त्यात असतं. पाच मिनिटांचं काम आहे, दोनशे किलोमीटरचा हेलपाटा वाचतो.

मग विचारा गिअरबॉक्स कधी काढला होता का, क्लच कधी बदलला, गाडी हिवाळ्यात चालते का उभी असते. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, इकडे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात आणि त्या मिठात पाच हिवाळे चाललेली गाडी आणि गॅरेजमध्ये झोपलेली गाडी यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. आणि एक विनंती आवर्जून करा, मी येईपर्यंत गाडी स्टार्ट करू नका, मला थंड इंजिनच बघायचंय.

पत्रा

एक टॉर्च, जुना गालिचा किंवा पुठ्ठा खाली झोपायला, आणि एक छोटा चुंबक पातळ कापडात गुंडाळून. जिथे लांबी (पुट्टी) भरलेली असेल तिथे चुंबक चिकटत नाही.

दारांपासून सुरू करा. चारी बाजूंनी नाही, थेट खालच्या कडेला हात घालून आतून बोट फिरवा, दाराच्या खालची घडी आतून सडते आणि बाहेरून रंगाला फक्त चार फोड दिसतात. मग बोनेट उघडा. या गाडीचं बोनेट इतरांसारखं नाही, आतला खटका ओढला की ते आधी उचलून पुढे सरकतं आणि मग पुढच्या बाजूला उलटं पडतं, मडगार्डचा वरचा भागही त्याच्याबरोबरच जातो, त्यामुळे अख्खं इंजिन आणि दोन्ही बाजूंचा पत्रा उघडा पडतो. बॅटरीखालचा ट्रे बघा, बॅटरी उचलूनच बघा, ॲसिड सांडून तिथे भोक पडलेलं असतं आणि लोक वर रबराची चटई टाकून ठेवतात.

आता खाली झोपायचं. पुढच्या चाकाच्या आत जिथून ड्राइव्हशाफ्ट जातो तिथे पत्र्याची एक पोकळी आहे, तिच्यात चिखल आणि मीठ साचतं आणि ती आतून खाल्ली जाते. ही जागा ९०० ची सगळ्यात वाईट जागा, कारण वेल्डिंग करायचं तर बरंच काही काढावं लागतं. टॉर्च आत घालून बघा, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका, घट्ट आवाज आला तर ठीक, भसकन दबलं तर तिथेच हिशेब करा. मग मागे जा, मागच्या शॉकॲब्सॉर्बरचे माउंटिंग, चाकांच्या कमानी, डिकीतला कार्पेट उचलून स्टेपनीची जागा. पुढच्या काचेचे खालचे कोपरे. सनरूफ असेल तर त्याची पाणी जायची नळी तुंबलेली असते आणि पाणी आतून खांबात उतरतं.

छताचं कापड लोंबत असेल तर घाबरू नका, जवळजवळ सगळ्या जुन्या साबचं लोंबतं, आतला फोम भुगा होतो. एका वीकेंडचं काम आहे.

गिअरबॉक्स

इंजिनच्या ताकदीपुढे गिअरबॉक्स लहान पडतो, ही या गाडीची खरी कमजोरी आणि ती मान्य करूनच गाडी वापरायला हवी. इंजिनची ताकद पुढच्या बाजूला क्लचमधून जाते, तिथून प्रायमरी चेनने खाली उतरते आणि मग गिअरबॉक्समध्ये. आणि गिअरबॉक्सची केसिंग हीच इंजिनची ऑइल संप पण, दोघांचं ऑइल वेगळं असलं तरी धड एकच. म्हणजे गिअरबॉक्स काढायचा तर इंजिन आणि तो दोघं एकत्र वर उचलावे लागतात.

टेस्ट ड्राइव्हला रेडिओ बंद, काचा बंद, पंखा बंद. गाडी पूर्ण गरम होऊ द्या. मग चौथ्या-पाचव्या गिअरला ताशी ७०-८० वर ॲक्सिलरेटर हलकेच द्या, मग पूर्ण सोडा, परत द्या. लोड दिल्यावर एक आवाज आणि सोडल्यावर वेगळा, वेगाबरोबर चढणारा किंचाळता आवाज येत असेल तर पिनिअनची बेअरिंग चाललीये. थोडासा आवाज असलेले गिअरबॉक्स वर्षानुवर्षं चालतात, पण त्या आवाजात बोलणं ऐकू येईनासं झालं की दिवस मोजायला सुरुवात. तिसऱ्यातून दुसऱ्यात पटकन टाका, करकरलं तर सिंक्रो (गिअर सहज जुळवणारी रिंग) गेला. रिव्हर्स टाकून हलका लोड द्या, गिअर निसटतो का बघा. रिव्हर्स इथे खास महत्त्वाचा, कारण या गाडीची किल्ली दोन सीटच्या मध्ये गिअरजवळ लागते आणि रिव्हर्स टाकल्याशिवाय किल्ली बाहेरच येत नाही.

मालक तयार असेल तर गिअरबॉक्सचं थोडं ऑइल काढून बघा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी मलई असणं नॉर्मल, बोटांना टोचणारे चकचकीत तुकडे असणं नॉर्मल नाही.

इंजिन, आणि मग टर्बो

थंड इंजिन स्टार्ट करताना मागच्या बाजूला, फायरवॉलकडे कान द्या. एखाद सेकंद चेनची खडखड होऊन थांबली तर चालेल, गरम झाल्यावरही चालू राहिली तर टेन्शनर किंवा गाइड झिजलेत, आणि चेनचं टोक फायरवॉलला चिकटून असल्याने ते काम स्वस्त नाही. पुढे टिक-टिक आवाज थंड असताना येतो आणि गरम झाल्यावर जातो, असं असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डला चीर गेलीये किंवा स्टड तुटलाय, १६ व्हॉल्व्हला हे फार कॉमन. ऑइल फिलरचं झाकण उघडून आत दुधट मलई आहे का, कूलंटच्या टाकीत बुडबुडे येतात का, हे कुठल्याही गाडीसारखंच.

शक्य असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट. आकडा किती यापेक्षा चारही सिलेंडर एकमेकांच्या जवळ आहेत का ते बघा, दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. आणि इंजिन उलटं बसवलंय हे विसरू नका, एक नंबरचा सिलेंडर फायरवॉलकडचा आहे, फायरिंग ऑर्डर १-३-४-२, प्लगच्या वायरी लावताना बरेच जण पुढून मोजतात आणि मग गाडी फटाके फोडते.

आता टर्बो. इंजिन बंद आणि थंड असताना त्याच्या तोंडाचा रबरी पाइप काढा, बोटाने पाती फिरवा. किंचित आडवं हलणं चालतं, ऑइलच्या थराची तेवढी जागा असतेच. पुढे-मागे हलायला नको, आणि पाती बॉडीला घासल्याच्या खुणा नकोत. पाइपात ऑइलचा पातळ थर असतोच, इंटरकूलरमध्ये (टर्बोची गरम हवा थंड करणारा रेडिएटर) वाटीभर निघालं तर गोष्ट वेगळी. पाच मिनिटं आयडलवर ठेवून मग एकदम ॲक्सिलरेटर दिल्यावर निळा धूर आला तर टर्बोचं सील किंवा व्हॉल्व्हचं सील, दोन्हीपैकी काहीही असू शकतं, लगेच टर्बोला दोष देऊन नवा लावू नका.

घेतलीत? मग पहिल्या महिन्यात ही कामं

मागचा मालक कितीही चांगला असला तरी सगळी ऑइलं, कूलंट, ब्रेक आणि क्लचचं फ्लुइड, सगळे फिल्टर एकदा आपल्या हाताने बदलून टाका, म्हणजे पुढचा हिशेब आपल्यापासून सुरू होतो. इंजिन ऑइल चांगलं १०डब्ल्यू-४०, आणि टर्बोसाठी ते थोडं लवकरच बदला, मी ८-९ हजार किलोमीटरच्या पुढे जाऊ देत नाही. गिअरबॉक्ससाठी आपल्या वर्षाच्या मॅन्युअलमध्ये जे ग्रेड आहे तेच घाला, वर्षागणिक ते बदलत गेलंय, दुकानदार देईल ते डोळे झाकून घालू नका.

इग्निशनचं सामान एकदम बदला. डिस्ट्रिब्युटर कॅप, रोटर, वायरी, आणि साधे कॉपरचे एनजीकेचे प्लग. महागड्या इरिडियमने या इंजिनला काही जास्त मिळत नाही. बूस्टखाली सिलेंडरमध्ये प्रेशर वाढलं की कमजोर स्पार्क विझतो, त्यामुळे आयडलला मख्खन चालणारी गाडी लोड पडल्यावर मिस मारते आणि माणूस टर्बो आणि फ्युएल पंपाच्या मागे लागतो. गाडी गरम झाल्यावर अचानक बंद पडते आणि थंड झाल्यावर जणू काही झालंच नाही अशी स्टार्ट होते, तर डिस्ट्रिब्युटरमधला हॉल सेन्सर बघा.

आणि रबर. मला विचाराल तर पहिल्या वर्षातलं सगळ्यात फायद्याचं काम हेच. चाळीस वर्षांचे व्हॅक्यूमचे बारीक पाइप बाहेरून ठीक दिसतात, वाकवले की चिरा दिसतात. सिलिकॉनचे मीटरवर पाइप मिळतात, एका वेळी एकच काढा आणि तेवढ्याच लांबीचा कापून तिथेच लावा, सगळे एकदम काढले की कुठला कुठे ते शोधत बसाल. टर्बोपासून इंटरकूलर, तिथून थ्रॉटल, हे जाड पाइपही तपासा, क्लिप घट्ट करा. बायपास व्हॉल्व्हच्या आतला रबरी पडदा फाटला की बूस्ट परत मागे गळतो. गळती शोधायला साबणाचं पाणी ब्रशने लावा आणि सिस्टीममध्ये अगदी थोडी हवा भरा, फार नाही, अर्ध्या बारच्या आतच. जिथे चीर आहे तिथे आधी एक छोटा बुडबुडा फुगतो, मग त्याच्या शेजारी दुसरा, आणि मग फेसाची ओळच धरते, क्लिपच्या अगदी कडेला, जिथे नुसत्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

आयडल वर-खाली होत असेल तर आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह काढून कार्ब क्लीनरने धुवा, दहापैकी आठ वेळा तेवढंच असतं. ८०च्या दशकाच्या मधल्या गाड्यांत इंजिनकडच्या वायरिंगचं इन्सुलेशन भुगा होऊन पडतं, वायर हातात घेऊन वाकवून बघा. कार्पेट ओला असेल आणि पाणी गोडसर वासाचं असेल तर हीटर व्हॉल्व्ह गळतोय.

बूस्ट आणि एपीसी नीट आहे का ते तपासणं

एपीसी हे या गाडीचं डोकं. इंजिनच्या ब्लॉकवर एक नॉक सेन्सर बसवलाय, तो इंजिनची ठोक, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटल्याचा आवाज, ऐकतो. ठोक नसेल तोवर एपीसीचा बॉक्स सोलेनॉइड व्हॉल्व्हमधून वेस्टगेटकडे जाणारं प्रेशर थोडं कमी करतो, म्हणजे वेस्टगेट बंद राहतो आणि बूस्ट चढतो. ठोक ऐकू आली की लगेच बूस्ट खाली. त्यामुळे कमी ऑक्टेनचं हलकं पेट्रोल घातलं तर गाडी मार खात नाही, फक्त ताकद कमी देते, आणि चांगलं ९८ ऑक्टेन घातलं की तीच गाडी मोकळी पळते. १९८२ साली हे रोजच्या विक्रीच्या गाडीत दिलं होतं, मला अजूनही याचं कौतुक वाटतं.

तपासायचं असं. डॅशबोर्डवरच्या काट्यावर आकडे नाहीत, नुसते रंग आहेत, म्हणून एक साधा आकड्यांचा बूस्ट गेज टी लावून जोडा आणि पाइप काचेच्या फटीतून आत घ्या. शेजारी कोणीतरी हवं, ड्रायव्हरने गेजकडे बघायचं नाही.

पहिल्यांदा बेस बूस्ट. एपीसीच्या सोलेनॉइडचा इलेक्ट्रिक प्लग काढा, आता वेस्टगेट फक्त स्वतःच्या स्प्रिंगवर चालतोय. रिकाम्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये कमी आरपीएमपासून पूर्ण ॲक्सिलरेटर द्या, शेजारचा आकडा वाचेल. साधारण ०.३ ते ०.४ बारच्या मध्ये यायला हवा. जास्त असेल तर कोणीतरी वेस्टगेटचा रॉड आखूड करून ठेवलाय, रॉड लांब केला की बूस्ट उतरतो, आखूड केला की चढतो. अर्धा-एक आटा फिरवायचा आणि परत बघायचं, एकदम चार नाही.

मग प्लग परत लावा आणि तीच टेस्ट परत करा. आता १७५ हॉर्सपॉवरच्या गाडीत आकडा ०.७-०.८ बारच्या आसपास जायला हवा. बेसवरच अडकला तर सोलेनॉइड, नॉक सेन्सर किंवा त्याची वायर. सोलेनॉइडवर तीन तोंडं आहेत, त्यांच्यावर सी, डब्ल्यू, आर अशी अक्षरं असतात. सी टर्बोच्या कॉम्प्रेसरकडून येतो, डब्ल्यू वेस्टगेटकडे जातो, आर परत हवेच्या इनटेककडे. मधल्या कोणीतरी पाइप अदलाबदल केलेले असतात आणि त्यावर लोक महिनोन् महिने डोकं फोडतात, तीन अक्षरं वाचली की संपलं. डब्ल्यूचा पाइप निसटला तर उलटं होतं, बूस्ट लगाम सुटल्यासारखा वर जातो आणि मग सेफ्टी स्विच फ्युएल पंप बंद करतो, गाडी भिंतीला धडकल्यासारखी अडते. असं झालं तर पाय लगेच उचला आणि परत ट्राय करून बघू म्हणू नका.

बूस्ट वाढवायची हौस सगळ्यांना असते आणि या इंजिनला ते झेपतंही. पण गिअरबॉक्सला नाही झेपत. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तर बिलकूलच नाही. आधी गाडी फॅक्टरीच्या आकड्यांवर आणा, पुष्कळ गाड्यांना तेवढंच केल्यावर ट्यून केल्यासारखा फरक पडतो कारण त्या वर्षानुवर्षं अर्ध्याच बूस्टवर चाललेल्या असतात.

क्लच, घरच्या घरी

उलट्या इंजिनचा सगळ्यात मोठा फायदा इथे. इंजिनही काढायचं नाही, गिअरबॉक्सही नाही, सगळं वरून. क्लचचं पुढचं कव्हर काढायचं. मदतनीसाने पेडल पूर्ण दाबून धरायचं आणि तुम्ही क्लच कव्हर आणि डायफ्रॅम स्प्रिंगच्या बोटांच्या मध्ये स्पेसर रिंग सरकवायची, पेडल सोडलं की स्प्रिंग दबलेलीच राहते. मग शाफ्टचं पुढचं झाकण काढून क्लचचा शाफ्ट पुढे ओढून घ्यायचा, स्लेव्ह सिलेंडरचे तीन बोल्ट, प्रेशर प्लेटचे सहा, आणि अख्खा संच एकत्र वर येतो. स्लेव्ह सिलेंडर नवाच घाला, जुना ठेवून पैसे वाचवलेत तर सहा महिन्यांत तो गळतो आणि हेच सगळं परत करावं लागतं. स्लेव्ह पूर्ण मेलेला असेल तर पेडलने स्प्रिंग दबत नाही आणि काम दुप्पट होतं, म्हणून फ्लुइड कमी होतंय असं दिसलं की वेळ काढू नका, क्लच दबतोय तोवरच हे काम उरकून घ्या.

रोज चालवताना

थंड इंजिनला बूस्ट देऊ नका, टेंपरेचरचा काटा मधे येऊन वर पाचेक मिनिटं जाऊ द्या. हायवेवर जोरात आल्यावर थांबल्या थांबल्या किल्ली फिरवू नका, मिनिटभर आयडलवर ठेवा, विशेषतः नुसत्या ऑइलवर थंड होणारा जुना टर्बो असेल तर, नाहीतर आतलं ऑइल जळून कोळसा होतो आणि बेअरिंगला पोचायची वाट बुजते. गिअर सावकाश बदला आणि पहिल्या गिअरला पाय दाबून झटक्यात क्लच सोडणं पूर्ण बंद. दुसऱ्यापासून पुढे हळूहळू ॲक्सिलरेटर चढवा, ही गाडी तिसऱ्या-चौथ्यात ज्या सुखाने ओढते त्याला तोड नाही, सिग्नलवरून उडी मारणं हा तिचा पिंडच नाही.

पेट्रोलमध्ये स्वीडनला २०२१ पासून ९५ म्हणजे ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं) झालंय, ब्रिटनमध्येही त्याच वर्षी साधं पेट्रोल ई१० झालं. जुन्या रबराला इथेनॉल सोसत नाही, म्हणून ९८ किंवा सुपर घाला, एपीसीमुळे त्याचा फायदा दुहेरी मिळतो. फ्युएलचे पाइप जुने असतील तर तेही बदलून टाका, गरम टर्बोच्या जवळ पेट्रोल गळणं परवडत नाही.

इकडे ३० वर्षांच्या वरच्या गाडीला रोड टॅक्स लागत नाही, आणि मीठ पडायला लागलं की गाडी कागदोपत्री रस्त्यावरून काढून ठेवता येते, इन्शुरन्सही कमी होतो. ठेवताना खालून गोड्या पाण्याने स्वच्छ धुवा, ड्राइव्हशाफ्टच्या त्या पोकळ्यांत नळी घालून धुवा, पूर्ण वाळू द्या, मग दारांच्या आत आणि त्या पोकळ्यांत वॅक्स मारा. ऑइल गाडी ठेवायच्या आधीच बदला, वसंतात नाही. हँडब्रेक ओढून ठेवू नका, चार महिन्यांत चिकटतो, चाकांना ठोकळे लावा.

पार्टची फार चिंता नको. साब कंपनी २०११ च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली तरी पार्टचा विभाग ओरिओ नावाने पुढे चालू राहिला, आणि सर्व्हिसचं सामान, रबर, ब्रेक, क्लच हे सहज मिळतं. अडचण आहे ती आतल्या प्लास्टिकची, डॅशबोर्डची, चांगल्या सीटची आणि धड गिअरबॉक्सची. त्यामुळे गाडी बघायला जाल तेव्हा फाटलेली सीट आणि फुटलेला डॅशबोर्ड यांचे पैसे भावातून नीट कापून घ्या, आणि कोणी मोडीत काढत असलेल्या ९०० चा शांत गिअरबॉक्स परवडणाऱ्या किमतीला देत असेल तर जागा नसली तरी घेऊन ठेवा.